अकरा नावं आणि चार खुर्च्या

झाशीत आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी पहिली थप्पड खाल्ली. माझा गुन्हा एवढाच, की पाण्याचे कॅन आणि बॉलची जाळी घेऊन मी सकाळी सहाला मैदानावर हजर होतो. आमच्या फुटबॉल टीमच्या मालकांनीच आदल्या दिवशी तसं सांगितलं होतं. पण मालकांच्या थोरल्या भावांनी पोरांना सुट्टी देऊन टाकली होती, आणि कोचनं त्याच पोरांना जिममध्ये बोलावलं होतं. रिकाम्या मैदानावर मी एकटा, आणि थोरले भाऊ गाडीतून उतरले. कुणी सांगितलं इथं यायला, म्हणाले. मी मालकांचं नाव घेतलं आणि कानाखाली जाळ निघाला. मी खोटं बोलतोय असं त्यांना वाटलंच नव्हतं. थोरल्यासमोर धाकट्याचा हुकूम पुढे केला, त्याची ती शिक्षा होती. हे मला फार उशिरा कळलं.

मी कोल्हापूरचा. शाळा नववीत सुटली. मास्तरांनी हातावर पट्टी मारली, मी ती हिसकावून त्यांच्याच खांद्यावर मोडली आणि परत वर्गात गेलो नाही. मग पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमच्या जर्स्या धुवायला लागलो. बूट शिवणं, नेट बांधणं, जखमी खेळाडूला दवाखान्यात नेणं, असं करत करत सगळं अंगात भिनलं. झाशीजवळच्या बबिना छावणीत आमच्याकडचे एक सुभेदार होते, त्यांनी माझं नाव इथं सांगितलं. खेळाडूंशी करार करून राज्याच्या लीगमध्ये उतरणारी टीम उभी राहतेय, कामाचा माणूस पाहिजे. एक ट्रंक घेऊन आलो तो आलोच. आज माझ्या ओळखपत्रावर टीम मॅनेजर असं छापलंय. तरी इंग्रजी पत्र आलं की अजून मला ते वाचता येत नाही. मला काढून टाकल्याचंच असणार असं वाटतं, आणि कुणी वाचून दाखवेपर्यंत ते खिशात घेऊन फिरतो.

आमचं ऑफिस ओरछा गेटच्या आत, टायरच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत चार खुर्च्या, चारही सारख्या. एक मालकांची. मालक चाळिशीचे, खडीचे क्रशर चालवणारे, फुटबॉलचं खरोखर वेड असलेले. दुसरी त्यांच्या थोरल्या भावांची. इथं थोरल्या भावाला मानानं दाऊ म्हणतात. आम्हीही दाऊच म्हणायचो. कागदोपत्री दाऊंना क्लबात कसलंही पद नव्हतं. तिसरी कोचची. कोच कोलकात्याकडचे, दोन्ही गुडघे खेळून खेळून गेलेले. चौथी खुर्ची सेक्रेटरी काकांची.

काका इथल्या जुन्या मराठी घरातले. पूर्वज दक्षिणेतून कारकुनीला आले ते इथलेच झाले. काका बँकेतून निवृत्त. मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरतात आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही. मी आलो त्याच दिवशी त्यांनी घरामागची खोली मला उघडून दिली आणि काकूंनी ताट वाढलं. कोल्हापूरचा म्हणजे आमची आमटी तुला गोड लागणार, म्हणाल्या. ते ताट आजही चालू आहे. या घराचं माझ्यावर जे काही आहे ते मला फेडता येणार नाही. खरं सांगायचं तर दाऊंचंही आहे. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा त्यांनी स्वतः स्टेशनावर येऊन मला गाडीत बसवलं होतं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते. ज्या हातानं मारलं त्याच हातानं त्यांनी माझी ट्रंक उचलली होती. म्हणून त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.

आता आमची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीतनं झालं. मॅचच्या दोन दिवस आधी कोच नावं सांगणार, अकरा खेळणारे आणि त्याखाली बदली. काका ती रेघांच्या कागदावर लिहिणार, मोत्यासारख्या अक्षरात. मग तो कागद आधी दाऊंकडे, कारण ते थोरले, मग मालकांकडे, मग परत काकांकडे. काकांनी सोडलेल्या कोऱ्या ओळींत दाऊ हवं ते नाव घालायचे. नाव काढायचं मात्र कुणाला जमायचं नाही, कारण काकांच्या कागदावर खाडाखोड चालत नसे. आमच्या घराण्यानं खोडलेला कागद कधी पुढे पाठवला नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. एक नाव काढायचं तर नवा कागद, आणि नवा कागद म्हणजे पुन्हा दाऊंपासून सुरुवात, आणि दाऊ विचारणार की कुणी काढलं. म्हणून कुणीच काढायचं नाही. मालक मला जिन्यात गाठून सांगायचे, अमक्याला खेळवू नकोस, पण माझं नाव नको घेऊस. कोचही तेच. मग मी त्या खेळाडूला बाजूला घेऊन म्हणायचो, भावा, आज तुझ्या पायात गोळा येणार आहे. तो वॉर्मअपमध्ये पोटरी धरून बसायचा. दाऊंचा मान राहायचा आणि टीमही बरी उतरायची. कितीतरी मॅच आम्ही अशा खोट्या गोळ्यांवर काढल्या.

तालमीत असलं काही नव्हतं. तिथं एक वस्ताद. तो म्हणाला बस, की बसायचं. एकदा त्यानं पेठेचा लाडका खेळाडू बाहेर बसवला आणि टीम हरली. लोकांनी दगड घातले. एक दगड वस्तादच्या भुवईवर बसला, मी टॉवेल धरला तर टॉवेल लाल झाला. पुढच्या मॅचला कपाळाला पट्टी बांधून त्यानं त्याच खेळाडूला परत बसवलं. शिव्या खाल्ल्या त्यानंच, दगड खाल्ला त्यानंच. निर्णय कुणाचा होता हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं.

आमचा गोलकीपर झाशीजवळच्या समथर गावचा. वडिलांचं तिथल्या बाजारात बांगड्यांचं दुकान. सहा फुटांच्या वर उंची, हात म्हणजे फळ्या. गेल्या मोसमात एका मॅचला उंच बॉल पकडायला तो बाहेर आला आणि समोरच्या फॉरवर्डचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो आवाज बाकावर ऐकू आला, ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसल्यासारखा. कीपर सरळ खाली आला, हात न टेकता. काही क्षण त्याचे पाय नुसते थरथरत होते. आमच्या बचावातल्या स्टॉपरनं त्या फॉरवर्डचा गळा धरला, त्यांच्या दोघांनी स्टॉपरला आडवा पाडून छातीवर बूट घातले, आणि मग कॉर्नरच्या झेंड्याचे बांबू उपटून लोक आत आले. मी कीपरवर पालथा पडलो. पाठीवर चार-पाच फटके बसले. खाली कीपर ओकत होता आणि मला विचारत होता की मॅच सुरू झाली का.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पंधरा दिवस डोक्याला काही लागता कामा नये. मग तपासायचं आणि मगच मैदान. एवढ्यात दुसरा तसाच मार बसला तर उठेल याची खात्री नाही, त्यांनी कीपरसमोरच सांगितलं, आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. मी ती चिठ्ठी काकांच्या हातात दिली. काकांनी तारीख टाकून ती फाईलला लावली. रुजू झाली, म्हणाले. मला वाटलं, झालं. कागद फाईलला लागला म्हणजे काम झालं, असं न शिकलेल्या माणसाला वाटतंच.

पुढची मॅच आठव्या दिवशी होती. दाऊंनी लखनौच्या एका मोठ्या क्लबच्या लोकांना कीपर बघायला बोलावून ठेवलं होतं. यादीत पहिलं नाव कीपरचं आलं, दाऊंनी घातलेलं. मालकांनी मला जिन्यात गाठलं. याला उतरवू नको, मरेल तो. माझं नाव नको घेऊस. कोच मैदानावर म्हणाले, मला तो नकोच आहे, दुसरा कीपर तयार आहे, पण यादी वरून आली, मी काय बोलणार. काकांना विचारलं तर चष्मा पुसत म्हणाले, अरे, मालकांनी काहीतरी बघितलं असेलच. मालकांना वाटत होतं कोच बघेल. कोचना वाटत होतं काका बघतील. तीन माणसांचा नकार माझ्या तोंडात, आणि कागदावर स्वच्छ अक्षरात होकार.

मी कीपरला गाठलं. पायात गोळा आण, म्हणालो. तो हसला. लखनौवाले एकदाच येतात, मॅनेजर भैया. डोकं ठीक आहे म्हणाला. ते म्हणताना त्यानं बाटलीचं झाकण उघडायला तीनदा हात फिरवला, आणि झाकण जागच्या जागी.

मॅचच्या दिवशी यादी लीगच्या मॅच कमिशनरकडे द्यायचं काम माझं. एकदा त्यांनी घेऊन सही केली की बदल नाही. त्यांच्या दाराशी मी थांबलो. काकूंचं ताट, मागची खोली, ओळखपत्र, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी भिंतीला कागद लावला आणि बॉलपेननं कीपरचं नाव खोडलं. एका रेघेनं भागेना, म्हणून अक्षर दिसेनासं होईपर्यंत खोडलं, कागद थोडा फाटलाही. बाजूला दुसऱ्या कीपरचं नाव लिहिलं. वीस जणांच्या यादीतच ठेवलं नाही त्याला, म्हणजे बदली खेळाडू म्हणूनही उतरवता येणार नाही. कमिशनरनी कागदाकडे बघून तोंड वाकडं केलं आणि सही केली.

दाऊंना कळायला दहा मिनिटं लागली. ड्रेसिंग रूमचं दार लाथेनं उघडलं. त्यांनी केस धरून माझं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं, एकदा, मग पुन्हा. मी खाली बसलो तर लाथा. समोरचा एक दात तुटून जिभेवर आला, मी तो गिळला. मग कीपर आला. माझं नाव तू खोडलंस, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. त्यानं त्या फळीसारख्या हातानं डाव्या कानावर मारलं, आणि आत काहीतरी फुटलं, पाणी भरल्यासारखं झालं. दाऊ दमले तरी तो थांबेना. शेवटी कोचनं त्याला मागून कवळा घातला. मी मात्र, आता विचित्र वाटेल, त्याच्या डोक्याला कुठं लागू नये म्हणून त्याच्याकडेच बघत होतो. दाराची चौकट त्याच्या मागे वीतभर अंतरावर होती.

मॅच आम्ही तीन गोलांनी हरलो. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही.

तीन दिवसांनी मालकांनी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. मी जिन्यापाशी उभा राहणार होतो, काढून टाकायचंच असणार म्हणून ट्रंकही भरून ठेवली होती. मालकांनी आत घेतलं. खुर्ची नव्हती, स्टुलावर बसलो. दाऊंनी विचारलं, यादी खोडायला तुला कुणी सांगितलं. मालक माझ्याकडे बघत होते, कोच जमिनीकडे. मी म्हणालो, कुणी नाही, मीच खोडलं. तेव्हा काकांनी फाईल उघडली आणि डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर ठेवली.

'मॅचच्या आधी आठ दिवस हा कागद माझ्याकडे होता,' काका मराठीतच म्हणाले, कुणाला समजो न समजो. 'मी त्याला भोक पाडून दोऱ्यात ओवला. ते नाव मी खोडायला हवं होतं. या पोरानं माझं काम केलं आणि मार खाल्ला.' मग तेच हिंदीत सांगितलं.

मालकांनी चिठ्ठी वाचून खाली ठेवली. मग मालकांनी मला विचारलं, तुमच्याकडे कसं चालतं. मला बोलायची सवय नाही, तरी बोललो. वस्तादचं सांगितलं. म्हटलं, खेळाडूंचं बघणारा एकच माणूस ठेवा, कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, कुणाशी बोलणी करायची हे त्यानं ठरवावं, आणि चुकला तर त्यालाच धरा. कोचला अकरा जण निवडू द्या, त्यात कुणी बोट घालू नये. मालकांनी त्या दोघांना नेमावं, नाही पटलं तर हाकलावं, पण मधल्या काळात जिन्यात येऊन कानात सांगू नये. हे मी मालकांच्या तोंडावर म्हणालो. आणि डॉक्टर नाही म्हणाला तर त्यापुढे कुणाचंच चालू नये, मालकांचं नाही, दाऊंचं नाही, खुद्द खेळाडूचंही नाही. आमच्यासारख्या टीममध्ये सगळे थोरले आहेत, म्हटलं, म्हणून मार धाकट्याला बसतो.

दाऊ हसले. नववी नापास आम्हाला क्लब चालवायला शिकवतोय, म्हणाले. नापास नाही, सोडली, असं माझ्या तोंडावर आलं होतं, गिळलं.

मालक उठून उभे राहिले. भावासमोर ते नेहमी मान खाली घालून बोलायचे. तेव्हाही मान खालीच होती.

'दाऊ, अब से लिस्ट आपके पास नहीं आएगी.'

दाऊंनी हातातला स्टीलचा ग्लास भिंतीवर फेकला. मग ते टेबलाला वळसा घालून आले आणि मालकांच्या थोबाडीत मारली, आम्हा तिघांदेखत. मालकांचा चष्मा उडाला, ओठ फुटला. दुसरी मारली. चाळीस वर्षांचा माणूस, बापाच्या वयाच्या भावासमोर हात खाली सोडून उभा होता. खाली दुकानात टायरवर घण घालत होते, तेवढाच आवाज.

'मार लीजिए,' मालक म्हणाले. 'लिस्ट नहीं आएगी.'

दाऊंनी तिसऱ्यांदा हात उचलला, आणि तो तसाच वर राहिला. मग ते जिना उतरून गेले. पुढे कितीतरी दिवस त्या घरात एक चूल दोन वेळा पेटायची, भाऊ एका पंगतीला बसेनात, असं ऐकलं. माझ्यामुळे सख्खे भाऊ तुटले की काय, या विचारानं मी आजही अस्वस्थ होतो. पण त्या दिवसापासून यादी कोच स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहितात, खाली सही करतात, आणि हरलो की पत्रकारांसमोर तेच बसतात. खेळाडूंचं बघायला बबिनाचे ते सुभेदार आले, निवृत्त होऊन. काका सगळे कागद सांभाळतात, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आली की आता फाईलला लावण्याआधी उठून कोचच्या हातात देतात.

हे सगळं झालं तरी कीपर माझ्याशी बोलत नव्हता. लखनौवाले दुसऱ्याच टीमचा कीपर घेऊन गेले होते. माझ्याकडे बघून तो थुंकायचा. पंधरा दिवस भरले तेव्हा त्याला तपासायला मीच मोटारसायकलवर घेऊन गेलो, दुसरं कुणी तयार होईना. वाटेत म्हणाला, आज कागदावर ठीक लिहून आलं ना, तर तुझे उरलेले दातही काढतो. मी बरं म्हणालो.

डॉक्टरांनी त्याला एका रेघेवर उभं केलं. डोळे मीट, एक पाय उचल. त्यानं पाय उचलला आणि क्षणात एका बाजूला कलला. सलाईनच्या स्टँडसकट कोसळला असता, मी काखेत हात घालून धरला. पुन्हा उभं केलं, पुन्हा तसाच. डॉक्टरांनी बोट डावीकडून उजवीकडे नेलं तर त्याचे डोळे मध्येच अडकायचे, उडी मारून पुढे जायचे. अजून महिना तरी, डॉक्टर म्हणाले. वर हेही म्हणाले, हा मध्ये खेळला नाही ना.

खाली पार्किंगमध्ये कीपरनं माझी कॉलर धरली. मी डोळे मिटले, दातांवर ओठ आवळले. मारलं त्यानं, पण मोटारसायकलच्या आरशाला. काच त्याच्या मुठीत घुसली. तो तसाच उभा राहिला, रक्त चपलेवर ठिबकत होतं.

'उस दिन खेल जाता तो?' त्यानं विचारलं.

मला काय माहीत, म्हणालो. बॉल डोक्याकडे आलाच नसता तर कदाचित काहीच झालं नसतं. खरंच ठाऊक नाही मला. त्यानं हे ऐकून घेतलं. मग ज्या कानानं मला ऐकू येतं त्या बाजूला येऊन उभा राहिला, आणि त्याच्या बोटांतली काच मी एकेक करून काढायला घेतली.